पाठमोरा पुढारी आणि एका भुवईचा वायरमन

जुना बल्ब काढायला मला फार तर सात-आठ सेकंद लागतात. एक गोल, खाली निमुळती मान, मानेवर तीन आडव्या रेघा आणि आत वाकडीतिकडी तार. पेटलेला दाखवायचा तर भोवती आठ-दहा फटकारे मारायचे, उडालेला दाखवायचा तर आतली तार मधोमध तोडायची. चौथीतलं पोरगंही ओळखतं. मग वेटोळ्या नळीचे बल्ब आले. ते काढायला जरा कटकट असते, पण ज्याला जिलेबी काढता येते त्याला तेही जमतात. खरी पंचाईत केली ती एलईडीनं. वर पांढरा घुमट, खाली पांढरं प्लास्टिक, आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही. तो चालू आहे की मेलाय हे चित्रात सांगताच येत नाही, शेजारी ‘बंद’ असं लिहावं लागतं. आणि ज्या चित्रात नाव लिहावं लागतं ते चित्र फसलं, असं आम्ही मानतो.

‘आम्ही’ म्हणजे व्यंगचित्रं काढणारे. मी हिंगोलीत तीसेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि त्यातली बरीच वर्षं इथल्याच एका दैनिकासाठी पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात रोज एक चित्र काढलं. या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, “सर, जुने बल्ब जाऊन नवे आले त्या काळातली तुमची चित्रं फार गाजली होती. त्यांच्या गमतीजमती लिहा. आणि ते खिशातल्या बल्बचं चित्र सोबत हवंच.” गमतीजमती लिहायला बसलो आणि पहिल्या पानापुढे जाईना. सोबत एकही चित्र मी पाठवलेलं नाही. का, ते वाचता वाचता कळेल.

आधी धंद्याविषयी थोडं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की आम्ही नाक मोठं केलं की झालं. पुढाऱ्याचं चित्र सोपं असतं. त्याचा चेहरा रोज फलकावर असतो, आम्हाला फक्त एक खुंटी शोधायची असते. कुणाची हनुवटी, कुणाचा चष्मा, कुणाचं हात जोडताना मान वाकडी करणं. एकदा खुंटी सापडली की पाच वर्षं तिच्यावर काहीही टांगता येतं. अवघड असतो तो साधा माणूस. रांगेत उभा असलेला, खड्ड्यात पडलेला, भाषण ऐकणारा. त्याला चेहरा तर हवा, पण तो कुणाचाच नको. म्हणून आम्ही नाक एकाचं घेतो, कान दुसऱ्याचे, चप्पल तिसऱ्याची. माझे वडील हट्टा या गावी दुकानांच्या पाट्या आणि मिरवणुकीचे फलक रंगवायचे. त्यांनी मला लहानपणी एकच गोष्ट बजावली होती. “माणसाचं तोंड काढायचं असंल तर त्याला इचारून काढत जा.” मी त्यांना जुन्या वळणाचा माणूस समजायचो.

तर बल्बची योजना आली. घरातला जुना पिवळा बल्ब आणून द्या आणि वीज वाचवणारा नवा घेऊन जा, अशी सगळी कल्पना होती. कल्पनेत वाईट काहीच नव्हतं, आजही मला वाटत नाही. पण व्यंगचित्रकाराला योजनेपेक्षा तिच्या उद्घाटनात जास्त रस असतो. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं मंडप टाकून, हार घालून, कळ दाबून नवा बल्ब पेटवायचा कार्यक्रम ठेवला, आणि नेमकं त्याच वेळी भारनियमन. त्यांनी कळ चार वेळा दाबली. मी दुसऱ्या दिवशी चित्र काढलं. साहेब कळ दाबतायत, बल्ब अंधारात, आणि मागे एक म्हातारा कंदील वर धरून सांगतोय, “दाबा साहेब, मी हाय हितं.” गावभर हशा झाला. मला वाटलं, आता काही खरं नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या माणसाचा फोन. “साहेबांना ते चित्र ओरिजनल पाहिजे.”

हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस समजतात आणि तोच मोठा अपमान आहे. ज्याला टोचायला म्हणून काढलं तोच ते चौकट करून भिंतीला लावतो. मी स्वतः नेऊन दिलं, चहा प्यायलो, फोटो काढला. पुढे एकदा पुन्हा त्यांच्या बैठकीत गेलो तर चित्र ऐन मध्यावर होतं आणि त्याच्यावर उजेड पडावा म्हणून एक छोटा जुना पिवळा बल्ब मुद्दाम लावलेला होता. चित्राला तोच उजेड बरा दिसतो, असं साहेब म्हणाले. तेव्हा मी हसलो होतो. माझ्या रेघेनं त्यांच्या अंगावर ओरखडाही उठणार नाही, हे मला त्याच दिवशी समजायला हवं होतं.

दुसरी आठवण औंढ्याची. नागनाथाच्या वाटेवर कुंकू-बुक्क्याचं दुकान असलेल्या एक आजी होत्या. त्यांनी मला हाताला धरून दुकानात नेलं आणि नव्या बल्बखाली कुंकवाची रास दाखवली. “बघ बरं, कसं दिसून राहिलं ते.” खरंच, त्या पांढऱ्या उजेडात लालभडक कुंकू मळकट जांभळं दिसत होतं. “बाया म्हनतेत, आजी, जुनं कुंकू इकून राहिली का? आता काय सांगू, कुंकू ताजं हाय, उजेड शिळा हाय? काढ की ह्याचं चित्र.” मी काढलं. दिवसा दुकानाबाहेर उन्हात कुंकवाचं ताट धरून बसलेल्या आजी आणि आत पेटलेला बल्ब. ते माझं सगळ्यात चांगलं चित्र आहे असं मी अजून मानतो. दैनिकाचे संपादक म्हणाले, “छान आहे, पण यात राजकारण कुठंय?” छापलं नाही. आजींनी पुढे दोन-तीनदा निरोप धाडला, माझं चित्र कधी येनार. मग निरोप थांबले.

आता मुख्य गोष्ट.

योजनेतले नवे बल्ब गावोगाव कमी पोचले. जुने बल्ब गोणीत भरून गेले, नवे अर्ध्या घरांना मिळाले. बाकीचे कुठे गेले हे कुणालाच माहीत नव्हतं आणि सगळ्यांनाच माहीत होतं. वाटपाची खोकी आधी कुणाच्या गोदामात उतरली, हे दैनिकातल्या चपराशालाही ठाऊक होतं. मी चित्राचा कच्चा आराखडा केला. मंचावर तेच साहेब, ‘घराघरात उजेड पोचला’ म्हणून भाषण करतायत, आणि त्यांच्याच खिशांतून, कापडाच्या आतून, नव्या बल्बांचा उजेड येतोय. समोर अंधारं गाव.

संपादकांनी आराखडा पाहिला. निवडणूक जवळ आली होती आणि साहेबांच्या पानभर जाहिराती सुरू होत्या. ते म्हणाले, “कल्पना ठेवा. साहेबांना जरा लांब ठेवा. पाठमोरे दाखवा ना. आणि खिसे दुसऱ्या कुणाचे तरी करा.”

इथं मी नाही म्हणू शकलो असतो. माझी नोकरी शाळेत होती, दैनिकाच्या चित्रावर माझी चूल पेटत नव्हती. पण चित्र दुसऱ्या दिवशी छापून यावं ही मला हाव होती, दुसरं काही नाही. मी साहेबांना मागे नेलं, लहान केलं, पाठमोरं केलं. पुढे खिसेवाला माणूस हवा होता. बल्ब वाटणारा म्हणजे वायरमन. पान लावायची घाई होती आणि हाताला येईल ते तोंड मी काढलं. उन्हाळ्यातही कानटोपी, शिडी वाहून एक खांदा उतरलेला, कमरेला लाल नाडीनं बांधलेली पक्कड, आणि डाव्या डोळ्यावर भुवई नाही, फक्त उजवीकडे. खांद्यावर जुन्या बल्बांची गोणी, खिशांतून नव्यांचा उजेड. झकास उतरलं. इतकं सहज उतरलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

कारण तो चेहरा मी जोडलेला नव्हता. डोंगरकडा या गावी माझी सासरवाडी. तिथं एक कंत्राटी वायरमन होता. सणासुदीला आम्ही गेलो आणि लाइट गेली की सासरे त्यालाच हाक मारायचे, आणि तो जेवण सोडून यायचा. मी त्याला कितीदा खांबावर पाहिलं होतं. कुणाकुणाचं नाक-कान जोडण्याऐवजी मी अख्खा माणूस उचलून कागदावर ठेवला होता, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आमच्या धंद्यात याच्याइतकी मोठी चूक नाही.

चित्र तुफान गेलं. मोबाइलवर फिरलं, फिरता फिरता खालची माझी सही कापली गेली. मंचावरच्या पाठमोऱ्या माणसाविषयी कुणीही विचारलं नाही. जो पुढे असतो, मोठा असतो, ज्याच्या रेघा जाड असतात, त्याच्यावर आळ जातो. हे मी मुलांना वर्गात फळ्यावर शिकवत होतो.

आठवडाभरानं तो वायरमन शाळेत आला. मधली सुट्टी होती. चित्राची घडी त्यानं शर्टाच्या खिशातून काढली आणि टेबलावर सरळ केली.

“सर, हा मी हाव का?”

“नाही हो,” मी म्हणालो. “हे काल्पनिक असतं. कुणीही नसतं ते.”

“भुवई एकच काढली तुमी.”

मी चित्र त्याच्याकडे परत सरकवलं.

“ही भुवई डीपीच्या पेटीवर जळली माझी,” तो म्हणाला. “धाव्वीची परीक्षा चालू व्हती. गावात तीन दिस लाइट न्हवती. लेकरं अभ्यास कशी करतीन म्हून मी पाऊस उघडायची वाट न पाहता फ्यूज टाकाया गेलो. तवापासून आली न्हाई ती. तुमी ती चोराला लावली, सर. काहून?”

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, काही त्रास झाला का. तेव्हा त्यानं सांगितलं. बारा वर्षं कंत्राटावर काढल्यावर कायम करायच्या यादीत पहिल्यांदाच त्याचं नाव लागलं होतं. ते आता बाजूला काढलं. वीज कार्यालयातले साहेब म्हणाले, चौकशी होईस्तोवर थांब. “मी इचारलं, चौकशी कशाची? कुनाची तक्रार हाय का? तर म्हने तक्रार न्हाई, पर हे हाय. फाइलीत तुमचं चित्र लावलंय, सर. दुसरा कागदच न्हाई त्यात.”

माझ्या चित्रानं आजवर कुठल्याही पुढाऱ्याची खुर्ची हलली नव्हती. एका सरकारी फाइलीत पुरावा म्हणून ते पहिल्यांदाच लागलं होतं.

मी त्याच संध्याकाळी संपादकांकडे गेलो. दुरुस्ती छापा म्हणालो. बातमीत नाव चुकलं, आडनाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती येते, वाचकांनी पाहिली असेल. संपादक म्हणाले, “चित्राची दुरुस्ती कशी छापू? ‘कालच्या चित्रातला माणूस चोर नाही’ असं? सर, कुणाचं नाव आपण घेतलेलं नाही. दुरुस्ती छापली म्हणजे तोच होता हे आपण कबूल केलं.” बराच वाद घातल्यावर त्यांनी एक ओळ दिली, की चित्रातील पात्रे काल्पनिक आहेत. ती ओळ वाचून लोक आणखी हसले. त्यांना तो विनोदाचाच पुढचा भाग वाटला.

मग मी वीज कार्यालयात गेलो. अधिकारी सज्जन होते, खुर्ची दिली. मी सांगितलं, चेहरा माझ्या हातून चुकून आला, माणूस स्वच्छ आहे, मी लिहून देतो. ते म्हणाले, “तुमीच काढलं अन् आता तुमीच न्हाई म्हनता. काही असल्याबिगर तुमच्यासारखा मानूस काढतो का, सर?” माझ्या नावाला जी काही थोडी पत होती, ती सगळी त्याच्या विरोधात उभी राहिली. माझं पत्र त्यांनी घेतलं. तेही त्याच फाइलीत लागलं, चित्राच्या खाली.

शेवटचा उपाय म्हणून मी माझंच चित्र काढलं. पुढे मी, माझा चष्मा, माझा झोळा, आणि खिशांतून बल्बांचा उजेड. खाली लिहिलं, ‘चोर इथं आहे.’ मला वाटलं, लोकांना कळेल. दुसऱ्या दिवशी बस स्टँडवर एका ओळखीच्या दुकानदारानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, “मंग सर, तुमच्या वाट्याला किती बल्ब आले?”

वायरमनचं कंत्राट संपलं तेव्हा त्याला पुन्हा बोलावलं नाही. चौकशी झालीच नाही, त्यामुळे तो सुटलाही नाही. डोंगरकड्याच्या विहारात पौर्णिमेची रोषणाई इतकी वर्षं तोच फुकट करायचा. त्या वर्षी दुसऱ्याला सांगितलं. त्याला कुणी काही बोललं नाही, नुसतं सांगायला आलं नाही. हे मला माझ्या मेव्हण्यानं सांगितलं, आणि मी त्यानंतर दोन-तीन वर्षं सासरवाडीला गेलो नाही. बायको एकटी जायची. मी रोजचं चित्र मात्र चालू ठेवलं, हे लपवून काय उपयोग. निवृत्त झालो, दैनिकानंही व्यंगचित्राचा कोपरा बंद करून तिथं राशिभविष्य टाकलं, तेव्हाच माझा हात थांबला.

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, ही संधी आहे. खिशातल्या बल्बचं चित्र द्यायचं नाही. त्याऐवजी त्या वायरमनचं साधं, सरळ, नीट चित्र काढायचं आणि खाली लिहायचं की हा माणूस स्वच्छ होता. मी पंधरा दिवस खपलो. इतकी वर्षं माणसाला वाकडं करायची सवय लागलेला हात सरळ येईना. कानटोपी वगळली, पक्कड वगळली, खांदे सारखे केले. पेन्सिलनं, अगदी हलक्या हातानं. आणि दोन्ही डोळ्यांवर दोन भरघोस भुवया दिल्या. माझ्या परीनं ती माफी होती.

चित्र घेऊन दुपारी डोंगरकड्याला गेलो. तो ओट्यावर बसला होता, समोर गोणपाटावर उघडे एलईडी बल्ब. मेलेले बल्ब तो दुरुस्त करतो हल्ली. आतला एखादाच दाणा जळलेला असतो, तेवढा काढून जोडला की पुन्हा लागतो, म्हणाला. गावातले लोक आणून देतात. त्यानं मला बसायला पोतं झटकून दिलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. जुन्या गोष्टीचा शब्द काढला नाही. मी चित्र हातात दिलं आणि कशासाठी आणलंय ते सांगितलं. दिवाळी अंकात छापणार, खाली सगळं खरं लिहिणार.

त्यानं ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. चहा घेऊन बाहेर आलेल्या वहिनी वाकून बघत म्हणाल्या, “ह्यांच्या थोरल्या भावावानी दिसून राहिलं.” थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. तेवढ्यात शेजारचा एक माणूस दुरुस्तीला दिलेले बल्ब न्यायला आला. त्यानं एक, दोन, तीन असे बोट ठेवून मोजले आणि मग वायरमनच्या खांद्यावरून चित्रात डोकावला.

“कोन हे? पाव्हने का?”

वायरमन चित्राकडे बघत मला म्हणाला, “चांगलं काढलं, सर. पर त्या चित्राखाली तुमी माझं नाव टाकलं न्हवतं, तरी समद्यांनी वळखलं. याच्याखाली टाकावं लागंल.”

“टाकतो ना. पूर्ण नाव टाकतो.”

“अन् नाव टाकलं की लोक म्हनतीन, हां हां, तोच तो बल्बवाला.” तो जरासा हसला. “न्हाई छापायचं. कुठंच न्हाई. नाव बी न्हाई. हितं घरात राहू द्या, लेकरायला व्हईल. फक्त ही डावी खोडा.”

मला आधी समजलंच नाही.

“भुवई हो. दोन कशाला दिल्या? घरचे बी वळखंनात.”

झोळ्यात खोडरबर होतं. चित्र मांडीवर घेतलं आणि ती भुवई मी माझ्या हातानं खोडली. पंधरा दिवस खपून काढलेला चेहरा चार घासण्यांत पुन्हा तोच झाला. शेजारचा माणूस वाकला आणि लगेच हसला.

“आता वळखू आलं की. हे तं तुमीच.”

मग त्यानं आपले तीन बल्ब उचलले, जाता जाता ओट्याच्या कडेला पुन्हा एकदा मोजले आणि पिशवीत टाकले.